बहुमाध्यमी पत्रकारितेच्या स्पर्धा : गुण कशाला आणि कोणाला?

१

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून पत्रकारितेच्या स्पर्धांचे पेव फुटले आहे. पूर्वी वक्तृत्व, निबंध आणि भित्तिपत्रक एवढ्यावर भागत असे. आता चित्रफीत, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे आणि मजकूर यांच्या साहाय्याने एखादा विषय मांडायचा, अशी 'मल्टिमीडिया' म्हणजे बहुमाध्यमी पत्रकारितेची स्पर्धा असते. सहा जानेवारी जवळ आली की बाळशास्त्री जांभेकर आठवतात, १८३२ चे 'दर्पण' आठवते आणि परिपत्रके निघतात. १९२० साली ज्या दिवशी 'मूकनायक' निघाले त्या ३१ जानेवारीला मात्र तीच कार्यालये शांत असतात. ही तक्रार जुनी आहे आणि ती पुन्हा करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. अशा एका स्पर्धेचा मी परीक्षक होतो. त्या परीक्षणात माझ्या हातून जे झाले त्याचा हिशेब मला द्यायचा आहे, आणि त्या निमित्ताने या स्पर्धा नेमके काय मोजतात हे तपासायचे आहे.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांचे घरात एकच छायाचित्र आहे, ते मतदार ओळखपत्रावरचे. आजोबा गेल्यावर त्याचीच मोठी प्रत काढून भिंतीवर लावली. ते छायाचित्र सरकारने सरकारच्या गरजेसाठी काढले होते. कॅमेरा कोणाच्या हातात आणि तो कोणावर रोखलेला, हा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही. म्हणूनच परीक्षकपदाचे बोलावणे आले तेव्हा मला आनंद झाला. तीन परीक्षकांत एक माणूस आपल्यातला आहे, त्याचा आपल्या मुलांना उपयोग होईल, असे मला वाटले होते.

२

स्पर्धा विद्यापीठ पातळीवरची होती. विषय 'श्रम' असा होता. चाळीसेक प्रवेशिका आल्या होत्या. आमच्या हाती जे गुणपत्रक दिले गेले ते असे : तांत्रिक दर्जा ४०, मांडणी २०, विषयाची निवड १५, तटस्थता १५, परिणामकारकता १०. माहिती खरी आहे की नाही, ती कशी मिळवली, कोणाकडून पडताळून घेतली, यासाठी रकाना नव्हता. पत्रकारितेच्या स्पर्धेत खरेपणाला गुण नव्हते. आम्हा तिघांपैकी एकाच्याही हे त्या दिवशी लक्षात आले नाही.

पहिले बक्षीस मिळाले ती चित्रफीत शहरातील एका नामांकित महाविद्यालयाच्या गटाची होती. गटारात उतरून काम करणाऱ्या माणसांवर ती होती. पहाटेचे शहर ड्रोनवरून दिसते. धुके आणि दिवे. मग चेंबरचे झाकण सरकते आणि एक माणूस संथ गतीने वर येतो. पार्श्वभूमीला सारंगी वाजत असते. निवेदन करणारी विद्यार्थिनी सांगते, की हे पाहून आपण आतून हादरलो. तो माणूस सात मिनिटांत तीन वाक्ये बोलतो. त्याच्या नावाच्या जागी पडद्यावर 'एक सफाई कामगार' अशी अक्षरे येतात. त्यानंतर एक प्राध्यापक दोन मिनिटे बोलतात. त्यांचे नाव, पद आणि संस्था, सारे येते.

चित्रफीत देखणी होती यात वाद नाही. मुलांच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. पण तिच्यात काय नव्हते ते पाहा. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. यातले एक अक्षरही चित्रफितीत नव्हते. त्या माणसाला खाली कोणी उतरवले, ठेकेदार कोण, साधने का नव्हती, हे प्रश्न नव्हते. हेच काम पिढ्यान् पिढ्या त्याच जातींच्या वाट्याला का येते, हा तर नव्हताच. कॅमेऱ्यासमोर एक गुन्हा घडत होता आणि कॅमेरा धुके टिपत होता.

दुसरी प्रवेशिका एका तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीची होती. द्वितीय वर्षाला शिकणाऱ्या या मुलीची आई नगरपरिषदेच्या हद्दीत ठेक्यावर झाडकाम करते. तिने नऊ मिनिटांचे ध्वनिमुद्रण, सहा छायाचित्रे, दोन कागदांच्या प्रती आणि दीड पानाचा मजकूर पाठवला होता. सारे एका साध्या मोबाईलवर केलेले. पहाटे हजेरीच्या जागी बायका जमतात, मुकादम नावे पुकारतो, तेथून सुरुवात होते. वाऱ्याचा आवाज आहे, मधेच घंटागाडी जाते. मुलीचे पहिलेच वाक्य आहे, "यातली दुसरी बाई माझी आई आहे." मग ती विचारते, "हातमोजे शेवटचे कधी मिळाले?" बायका हसतात. एकजण म्हणते, "विलेक्शनच्या आधी." छायाचित्रांत तळहात आहेत, झाडू आहेत, हजेरीची वही आहे. पहिला कागद पगाराची चिठ्ठी, तिच्यावर पीएफ कापल्याची नोंद. दुसरा कागद पीएफच्या पासबुकाचा, त्यात ती रक्कम जमा नाही. त्यानंतर ती ठेकेदाराला फोन लावते. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेळा. तिन्ही वेळची रिंग तिने जशीच्या तशी ठेवली आहे. रिंग वाजत राहते, बंद होते आणि मुलगी तारीख व वेळ सांगते.

तिच्या कामात प्रत्येक बाईचे नाव होते. ती नावे मी येथे देत नाही, कारण ती सांगण्याची मुभा त्या बायकांनी तिला दिली होती, मला नाही. शिवाय त्यांचे काम अजून ठेकेदाराच्या हातात आहे.

चर्चा सुरू झाली. वृत्तवाहिनीचा अनुभव असलेले एक परीक्षक म्हणाले, "आवाज फार कच्चा आहे. आणि ही रिंग कापायला हवी होती, इतका वेळ नुसती रिंग कोण ऐकेल?" दुसरे म्हणाले, "स्वतःच्याच आईची मुलाखत. तटस्थता कुठे राहिली?" मी काय केले? तांत्रिक दर्जाला मी ४० पैकी १४ गुण दिले, तटस्थतेला १५ पैकी ६. तिचे आडनाव वाचल्यावर ती कोणत्या वस्तीतली हे मला कळले होते, आणि मला ते कळले हे इतर दोघांना कळले होते. आपली म्हणून झुकते माप दिले, असे कोणी म्हणू नये, याची मला धास्ती होती. पहिल्या पिढीच्या पदवीबरोबर ही धास्ती घरात येते आणि नोकरी लागली तरी जात नाही.

निकालानंतर ती मुलगी भेटली. तक्रार तिने केली नाही. एवढेच विचारले, "सर, ती रिंग तुम्ही ऐकली का?" मी म्हणालो, "ऐकली. जरा कमी करायला हवी होती." "बरं सर," म्हणून ती एसटी गाठायला गेली.

परतताना बसमध्ये मला उमगले की मी काय बोलून बसलो होतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारा, हा पत्रकारितेचा पहिला नियम आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो. तिने तो तीनदा पाळला होता आणि पाळल्याचा पुरावा जोडला होता. मी पाहिलेल्या प्रवेशिकांत असा पुरावा देणारी ती एकटीच. आम्ही त्या पुराव्याला आवाजातला दोष समजून गुण कापले.

३

आपल्या चळवळीच्या जुन्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला, १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले. त्या काळात प्रस्थापित समीक्षेचा एक मोठा वर्ग कलामूल्याचा प्रश्न घेऊन उभा राहिला. अनुभव दाहक आहे, पण कलात्मक अंतर नाही. हे प्रचारकी आहे, वृत्तांतवजा आहे, भाषा ओबडधोबड आहे. सहानुभूतीचा सूर लावून नकार देण्याची ती रीत होती. त्या वादाला आपल्या लेखकांनी आणि समीक्षकांनी उत्तरे दिली, वेगळ्या सौंदर्यशास्त्राची मागणी केली, आणि तो वाद आपण जिंकला असे आपल्याला वाटू लागले.

आता त्या वादाकडे या स्पर्धेच्या खोलीतून पाहा. आम्ही साहित्य लिहिले तेव्हा सांगण्यात आले, की ही पत्रकारिता झाली, यात कला नाही. आमची मुले पत्रकारिता करू लागली तेव्हा सांगण्यात येते, की हिच्यात कला कमी पडते. कलामूल्याचा काटा साहित्याच्या दुकानातून उचलून पत्रकारितेच्या दुकानात ठेवला गेला आहे. त्याचे नवे नाव 'तांत्रिक दर्जा' असे आहे.

या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी कालवलेल्या आहेत. एक कौशल्य, दुसरी सामग्री. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, मोबाईलच्या माइकवर पातळ कापड धरावे, बोलणाऱ्याच्या जवळ जावे, ही कौशल्ये आहेत. ती एका दुपारी शिकवता येतात. ड्रोन, कॉलरचा माइक, चांगले भिंग, संकलनासाठी वेगवान संगणक ही सामग्री आहे. ती विकत घ्यावी लागते. या दोहोंत फरक न करता जे गुणपत्रक चाळीस गुण देते ते सामग्रीच्या किमतीला गुणवत्तेचे नाव देते. पैसा गुण होऊन बाहेर पडतो, आणि ज्याला गुण कमी पडले त्याला वाटते, आपल्यातच काही कमी आहे. जातिव्यवस्थेने हेच केले आहे. बाहेरून लादलेली वंचना माणसाच्या अंगचा दोष म्हणून त्याच्या गळी उतरवली.

येथे गैरसमज होऊ नये. तंत्राला माझा विरोध नाही. साक्ष ऐकू आली पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची वर्षानुवर्षे जी कृष्णधवल छायाचित्रे काढली ती तंत्राच्या दृष्टीने अव्वल आहेत. पण त्यांतले तंत्र पाहणाऱ्याला नजर वळवू देत नाही. ज्या कामाकडे शहर पाहत नाही तेच समोर आणून ठेवते. बक्षीसपात्र चित्रफितीतील तंत्राने नजरेला सुंदर वाटेने दुसरीकडे नेले. दोन्ही ठिकाणी तंत्र आहे, पण ते कोणाच्या बाजूने राबले हे पाहणे समीक्षेचे काम आहे. गुणपत्रकात त्यालाही जागा नव्हती.

४

आता तटस्थतेचा प्रश्न. त्याच स्पर्धेत एका मुलाने आपल्या द्राक्षबागायतदार वडिलांवर चित्रफीत केली होती. अवकाळी पावसाने बाग गेली त्याची ती कहाणी होती, आणि चांगली होती. तीवर शेरा पडला : 'विषयाशी जिव्हाळा'. मुलाने बापाविषयी सांगितले तेव्हा तो जिव्हाळा झाला आणि मुलीने आईविषयी सांगितले तेव्हा तो पक्षपात झाला. नाते तेच, फरक वस्तीचा आहे. बागेचे दुःख सर्वांचे मानले जाते. झाडूचे दुःख झाडूवाल्यांचे, आणि म्हणून 'त्यांच्या बाजूचे'. जो समूह सत्तेच्या जवळ आहे त्याच्या दृष्टीला आपल्याकडे तटस्थता म्हणतात. बाकीच्यांच्या दृष्टीला बाजू म्हणतात.

नाते असेल तर ते उघड सांगावे, हा पत्रकारितेचा नियम आहे. त्या मुलीने ते पहिल्या वाक्यात सांगितले होते. पहिल्या क्रमांकाच्या गटाने मात्र आपल्या इमारतीची गटारे कोण साफ करते, हे सांगितले नव्हते. तेही नाते आहेच.

वृत्तपत्रसृष्टीत कोण बसले आहे हे पाहिले म्हणजे या तटस्थतेचा पत्ता लागतो. अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी २००६ साली दिल्लीतील ३७ राष्ट्रीय माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या अभ्यासात नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याला पुन्हा शून्य. तेरा वर्षांच्या अंतराने शून्य कायम राहिले. विद्यार्थ्यांच्या स्पर्धा ही या इमारतीची पहिली पायरी आहे. बक्षीस मिळालेला मुलगा उमेदवारीसाठी घेतला जातो, त्याची शिफारस होते. पायरीवरच आमच्या मुलीला चौदा गुण मिळत असतील तर वरच्या मजल्यावरच्या शून्याचे नवल कशाला?

आणि या शून्याची किंमत माणसे देतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांनी त्या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग दिला. खरी हकिकत बाहेर आली ती गावात जाऊन साक्षी आणि कागद गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे, सत्यशोधन समित्यांमुळे आणि काही मोजक्या पत्रकारांमुळे. त्यांना कोणी बाजू घेणारे म्हणाले असतीलही. पण खरे त्यांनी सांगितले, आणि खोटे 'तटस्थ' रकान्यांतून छापले गेले.

आपल्या हातात कॅमेरा आला तरी प्रश्न संपत नाही, हेही ध्यानात घ्यावे. उत्तर प्रदेशातील चित्रकूटहून २००२ पासून 'खबर लहरिया' निघते. ग्रामीण स्त्रिया, त्यांत मोठ्या संख्येने दलित स्त्रिया, ते चालवतात. कागदावरून त्या मोबाईलवर, चित्रफितींवर आल्या. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२१ साली जगभर गाजला, २०२२ साली ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत गेला. त्याच वेळी 'खबर लहरिया'ने निवेदन काढून सांगितले, की या माहितीपटात आमच्या कामाचे चित्र अपुरे आणि एकांगी आले आहे. त्या माहितीपटाच्या गुणवत्तेबद्दल येथे बोलायचे नाही. पण घटना बोलकी आहे. रोज बातम्या देणाऱ्या स्त्रिया जगाला माहीत झाल्या त्या दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून, आणि 'हे आम्ही नव्हे' असे त्यांना स्वतःबद्दल सांगावे लागले. दुःख आमचे, पण प्रवेशिका दुसऱ्याची, हा व्यवहार विद्यापीठाच्या सभागृहापासून ऑस्करपर्यंत एकसारखा चालतो.

५

अशा स्पर्धा बाहेर कशा चालतात? अमेरिकेतील हर्स्ट प्रतिष्ठानाची विद्यार्थी-पत्रकारांसाठीची पारितोषिके १९६० पासून दिली जातात. लेखन, छायाचित्र, ध्वनी, दूरचित्रवाणी आणि आता बहुमाध्यम असे त्यांचे विभाग आहेत. महाविद्यालयीन पत्रकारितेत त्यांना फार मान आहे. ज्या विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे नाव या पारितोषिकांना आहे त्यांचे नाव १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळात भडक पत्रकारितेशी जोडले गेले होते, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवू. ज्या विद्यापीठांच्या पत्रकारिता अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती मिळालेली आहे त्यांच्याच विद्यार्थ्यांना तेथे भाग घेता येतो, ही गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणजे गुणपत्रकाच्या आधीच एक चाळणी लागते.

त्या देशात १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ साली स्पष्ट सांगितले, की वृत्तपत्रे गोऱ्यांच्या जगातून जगाकडे पाहतात आणि संपादकीय कामांत काळ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी आहे. १९७८ साली तेथील संपादकांच्या संघटनेने २००० सालापर्यंत वृत्तकक्षांतील अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येइतके करण्याचे ठरवले. २००० साल उजाडले आणि उद्दिष्ट दूरच राहिले. पण तेथे निदान मोजणी झाली, अपयश कागदावर आले. आपल्याकडे किती विद्यापीठांनी आपल्या पारितोषिकप्राप्त विद्यार्थ्यांची अशी मोजणी केली आहे? १९७२ साली पँथरचे नाव आपण तिकडून घेतले. मोजणीची ही सवयही घ्यायला हवी होती.

हर्स्टच्या अंतिम फेरीतील एक पद्धत मात्र घेण्याजोगी आहे. निवडलेल्या विद्यार्थ्यांना एका शहरात बोलावून, ठरावीक वेळ देऊन, तेथल्या तेथे काम करायला लावतात. घरून तयार करून आणलेल्या चकाकीचा प्रभाव त्यामुळे कमी होतो आणि माणसांशी बोलता येते की नाही, हे उघडे पडते.

६

आपण मात्र केवळ दुसऱ्याचे गुणपत्रक तपासत बसू नये. आपल्याजवळ स्वतःची परंपरा आहे आणि ती फार कडक आहे.

बाबासाहेबांचे 'मूकनायक' शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर उभे राहिले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. पुढे 'बहिष्कृत भारत' काढले तेव्हा माणसे आणि पैसा या दोहोंच्या अभावी रकान्यांमागून रकाने त्यांना एकट्याला लिहावे लागले. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतही त्यांनी पुराव्याची शिस्त सोडली नाही. विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण मांडायचे, मग ते आकड्यांनी आणि तर्काने खोडायचे, ही त्यांची पद्धत. गंगाधर पानतावणे यांनी 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या ग्रंथात या कामाचा साक्षेपाने विचार केला आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा, एवढा आग्रह तरी आपण धरला पाहिजे.

बहुमाध्यमाचेही आपल्याला नवल वाटायला नको. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे म्हणजे काय होते? गाणे, सोंग, संवाद आणि सभेची हकिकत एकत्र आणून निरक्षर वस्तीपर्यंत चळवळीची बातमी पोचवणारे ते माध्यमच होते. आपल्या सत्यशोधन समित्यांचे अहवालही तसेच आहेत. साक्ष, छायाचित्र, नकाशा, पंचनाम्याची प्रत. पदविका नसलेल्या कार्यकर्त्यांनी बहुमाध्यमी पत्रकारिता केली, त्यांनी तिला ते नाव दिले नाही एवढेच.

या परंपरेच्या मापाने मी त्या मुलीचे काम पुन्हा पाहिले, तेव्हा मला तिच्या कामातही एक उणीव दिसली. पीएफ भरला जात नाही, हा आरोप तिने सर्व बायकांच्या वतीने केला होता, आणि कागद एकाच बाईचे होते. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना तिने विचारले नव्हते. माहितीच्या अधिकाराखाली ठेक्याची प्रत मागता आली असती. आणखी तीन बायकांची पासबुके मिळाली असती तर आरोप कोणालाही झटकता आला नसता. अनुभव आपला आहे म्हणून पडताळणीची गरज संपत नाही. उलट वाढते, कारण आपल्या चुकीची वाट पाहणारे पुष्कळ असतात. हे तिला सांगणे माझे काम होते. मी तिला रिंग कमी करायला सांगितले. तिच्या गुणपत्रकावर शेरा होता : 'विषय चांगला, ध्वनी सुमार.' या शेऱ्यातून ती काय शिकणार? पुढच्या वर्षी उसनवारी करून माइक आणील. पासबुके मात्र एकच राहील.

चुकीचे गुणपत्रक असे दुहेरी नुकसान करते. आमच्या मुलांचे खरे बळ त्याला दिसत नाही आणि त्यांच्या खऱ्या उणिवाही दिसत नाहीत. बक्षीस मिळालेल्या मुलांचेही ते नुकसानच करते. त्यांना कोणीही विचारले नाही, की त्या माणसाचे नाव काय.

७

तेव्हा काय करावे? स्पर्धा बंद करा असे मी म्हणणार नाही. आपण बाहेर राहिलो तर निकाल आपल्याशिवाय लागत राहतील. पण परीक्षक, शिक्षक आणि विद्यार्थी म्हणून काही मागण्या आपण लावून धरू शकतो.

पहिली, गुणपत्रकात पडताळणीला सर्वाधिक गुण असावेत. किती साक्षी, कोणते कागद, आरोप असलेल्याला विचारले काय, हे प्रवेशिकेसोबत लिहून मागावे. दुसरी, कौशल्य आणि सामग्री वेगळी करावीत. अंतिम फेरी सर्वांना सारख्या मोबाईलवर, एकाच ठिकाणी, ठरावीक वेळेत करायला लावावी. तिसरी, ज्यांच्यावर काम केले त्यांची नावे आणि त्यांची संमती हा गुणांचा विषय असावा. नाव झाकले असेल तर का झाकले, हे सांगावे. तयार झालेले काम त्या माणसांना दाखवले काय, हेही विचारावे. चौथी, तटस्थतेचा रकाना काढून तेथे प्रामाणिकपणाचा ठेवावा. नाते असेल ते सांगितले, एवढे पुरे. पाचवी, परीक्षकांत ज्या कामावर विषय आहे ते काम केलेला एक तरी माणूस असावा. विषय 'श्रम' आणि परीक्षक तिघेही पंख्याखाली बसणारे, हे शोभणारे नाही. या वाक्यात मी स्वतःलाही धरतो.

आणि आपल्या बाजूने एक. तालुक्याच्या महाविद्यालयांतील शिक्षकांनी सुट्टीत दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. वारा कसा टाळावा, माहितीचा अर्ज कसा लिहावा, हजेरीची वही कशी वाचावी, पासबुकाचा उतारा कसा मिळवावा. त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एक फळा आणि मुलांच्या खिशातले मोबाईल पुरतात.

मी आयोजकांना पत्र लिहिले. निकाल अंतिम असतो, असे उत्तर आले. ते नियमाला धरून आहे. दुसरे पत्र मी त्या मुलीला लिहिले. त्यात मी दिलेले गुण लिहिले, ते का चुकले ते लिहिले आणि तिच्या कामातली उणीवही लिहिली. पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. आणखी चार बायकांची पासबुके मिळाली होती आणि नगरपरिषदेत माहितीचा अर्ज दाखल झाला होता. ठेकेदाराला तिने चौथ्यांदा फोन केला होता. तोही त्याने उचलला नव्हता. तिने विचारले होते, "सर, ही रिंग ठेवू का?"

मी लिहिले, पूर्ण ठेव.